नकुसा, जेवायला ये

“देव दमतो का, बाई?”

नाओमीनं हे दारातूनच विचारलं. सलाम राहिला. चपलाही पायातच राहिल्या.

नकुसाबाईंनी मान वर केली नाही. पुढ्यात पातेलं, पातेल्यात कालपासून भिजत पडलेल्या काळ्या मनुका. उद्या प्रभुभोजनाचा रविवार. चर्चमध्ये इवल्या काचेच्या पेल्यांतून जो रस फिरतो तो बाटलीतून येतो, असं नवीन लोकांना वाटतं. तो येतो नकुसाबाईंच्या हातून. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, उकळायच्या, गाळायच्या. ऐंशी ओलांडली, डोळ्यांनी दगा दिला, पण हे काम त्यांनी कुणाला दिलेलं नाही.

“सलाम,” बाई म्हणाल्या.

“सलाम, बाई.”

“चपला.”

नाओमीनं चपला काढल्या, आत आली आणि चटईवर बसली.

“हं. आता विचार.”

पण आता प्रश्न उभा राहीना. दारात तो केवढा मोठा वाटला होता. चटईवर बसल्याबरोबर त्यातली हवाच गेली.

“तसं काही नाही...” ती म्हणाली. “उद्याच्या संदेशाबद्दल आले होते. तो मी देणार नाही. तुम्ही द्या. नाहीतर सुलभाकाकूंना सांगा.”

बाईंनी एक मनुका दोन बोटांत दाबून पाहिली आणि पुन्हा पाण्यात सोडली.

ही खोली चर्चच्या मागं, मिशनच्या आवारात, साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी. नकुसाबाई इथल्या बायबलबाई. म्हणजे घरोघर जायचं, बायकांजवळ बसायचं, शास्त्र वाचून दाखवायचं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी अक्षरं शिकवायची. आयुष्य त्यात गेलं. नाओमी लहानपणी रविवारी त्यांच्याच शब्बाथशाळेत बसायची. पुढं ती तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाली आणि आता कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. त्यामुळे ‘मला माहीत नाही’ हे वाक्य ती फार सुंदर शब्दांत म्हणू शकते.

उद्या महिला रविवार. सगळी उपासना बायकांनी चालवायची. संदेश, म्हणजे प्रवचन, नाओमीकडे. विषय, देवाची एकनिष्ठ प्रीती. चार मुद्दे तयार होते. पाचारण, पतन, पश्चात्ताप, पुनःस्थापना. चारही ‘प’वरून. ते जुळले तेव्हा तिला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं की तिनं उठून चहा करून घेतला होता.

आणि मग काल संध्याकाळी...

“झोप झाली नाही,” बाई म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

“नाही.”

“पोरगी आजारी?”

“नाही. बरी आहे. फारच बरी आहे.”

खिडकीतून आवार दिसत होतं. बुचाच्या झाडाखाली, मुरमात, साडेचार वर्षांची इवा उकिडवी बसली होती. खडे वेचून एकापुढे एक लावत होती. पायात बूट. डावा उजव्यात, उजवा डाव्यात.

“तिचे बूट उलटे आहेत,” बाई म्हणाल्या. एवढं त्यांना दिसलं.

“सकाळी तिचे तिनं घातले. मला विचारलं नाही.” नाओमी थांबली. “बाई, ती मला काहीच विचारत नाहीये. कालपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.”

तर रात्रभर नाओमीला जागं ठेवलं ते एका ‘आमेन’नं.

रोज संध्याकाळी घरात प्रार्थना होते. इवाला प्रार्थनेतलं काही कळत नाही. ती फक्त शेवटाची वाट बघते. शेवट आला की असं काही आमेन ठोकते की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागतो. कालही नाओमीनं हात जोडले, डोळे मिटले, सवयीनं सगळं म्हटलं. आमेन म्हटलं. थांबली.

समोरून काही आलं नाही.

डोळे उघडले तर लेक नीट हात जोडून बसलेली. ओठ मिटलेले.

ती प्रार्थना वर पोचली असेल का, की सही न झालेल्या पार्सलसारखी दारातच पडून राहिली असेल? नाओमी अंथरुणावर पडून हा विचार करत राहिली. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असा विचार करू नये हेही तिला कळत होतं. कळून झोप येत नाही.

“काय म्हणालीस तिला?” बाईंनी विचारलं.

नाओमी गप्प.

“मला कमी ऐकू येतं, पोरी. पण तू तर बोललीच नाहीस.”

“मी संदेश लिहीत होते. ती सारखी, आई बघ, आई बघ. दिवसभर कॉलेज, सुधीर पुण्याला, तो आता उद्याच येणार... मी म्हणत होते थांब, थांब. मग वळून बघितलं तर तिनं लॅपटॉपचा चार्जर पाण्याच्या तांब्यात बुडवलेला.”

“का?”

“त्याला अंघोळ घालत होती.”

बाईंच्या खांद्यांना बारीक हिसका बसला. हसल्या असाव्यात.

“हसण्यासारखंच आहे,” नाओमी म्हणाली. “आज मलाही कळतंय. काल नाही कळलं. मी म्हणाले...”

तिनं खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

“म्हणाले, जा. नकोस तू मला. कुणाला तरी देऊन टाकते तुला.”

बाई मनुका कुस्करत होत्या. हात थांबला नाही.

“ती रडली असती तर चाललं असतं. रडली नाही. चार्जर हळूच फरशीवर ठेवला, फ्रॉकनं पुसला आणि दाराआड जाऊन बसली. तेव्हापासून शहाण्यासारखी वागतेय. वाढलेलं सगळं खाते. वेणी घालताना ओरडत नाही. दूध सांडत नाही. बाई, एवढं शहाणं मूल मी बघितलेलं नाही. मला तिची भीती वाटायला लागलीय.”

“माफी मागितलीस?”

“गुडघे टेकून. तिच्या उंचीला येऊन, डोळ्यांत बघून. पुस्तकात सांगतात तसं.”

“मग?”

“तिनं मान हलवली. पाहुण्यांपुढे हलवतात तशी.”

बाईंनी एका मनुकेचं देठ खुडून बाजूला ठेवलं.

“रात्री बाबाशी फोनवर बोलली. खळखळून. चार्जरच्या अंघोळीचं सगळं सांगितलं त्याला. फक्त माझं वाक्य गाळलं.”

हे सांगताना मात्र नाओमीचा आवाज फुटला. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि वर, स्वतःवरच चिडून, जरा हसली.

“आणि त्या वेळी मी काय टाइप करत होते, सांगू? ‘देवाची प्रीती कधी कंटाळत नाही.’ तेवढ्यात चार्जर बुडाला.”

फोन वाजला. महिला मंडळाच्या सेक्रेटरी, सुलभाकाकू. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येतो, स्पीकर लागत नाही.

“नाओमी, सगळ्यांनी मोतिया रंगाची साडी बरं का. मागच्या वर्षी तू लिंबू रंगाची नेसून आलीस आणि म्हणालीस, हाच मोतिया.”

“काकू, मी उद्या...”

“आणि संदेश वीस मिनिटांत आटप. मागून प्रभुभोजन आहे, जेवणाला उशीर झाला की पुरुष लोक माना वळवून घड्याळ बघतात. ठेवते.”

ठेवलाच.

“काय म्हणते?” बाईंनी विचारलं, जणू ऐकलंच नाही.

“मोतिया.”

“हं.”

दारात सावली आली. इवा उभी होती. हाताला माती, कपाळाला माती. तिनं आईकडे बघितलं नाही. आईच्या बाजूनं, पाहुणीच्या बाजूनं जावं तशी अंग चोरून आत आली आणि नकुसाबाईंच्या पुढ्यात बसली.

“आजी, हे काय आहे?”

“मनुका.”

“एवढ्या जाड्या?”

“पाणी प्यायल्यात.”

“मला?”

“हात पूस. घे.”

“बाई, अहो, त्या प्रभुभोजनाच्या...” नाओमी म्हणाली.

“अजून मनुकाच आहेत,” बाई म्हणाल्या.

इवानं एक खाल्ली. आणखी एक. मग गाल फुगलेल्या अवस्थेत विचारलं, “आजी, तुमचं नाव काय?”

“नकुसा.”

“म्हणजे काय?”

नाओमी सावरून बसली. गावात सगळ्यांना माहीत असलेली, आणि म्हणूनच कुणी न बोलणारी गोष्ट.

“म्हणजे नको असलेली,” बाई म्हणाल्या.

इवाचं चावणं थांबलं.

“कुणाला नको?”

“आईला. वडिलांना. आजीला. मी चौथी मुलगी. त्यांना मुलगा हवा होता. आमच्याकडे तेव्हा म्हणायचे, पोरीचं नाव नकुसा ठेवलं की पुढची पोर येत नाही. देवाला कळतं, आता पुरे.”

“मग मुलगा आला?”

“कुठला. पाचवी पण पोरगीच.”

“तिचं नाव?”

“आता काय ठेवणार? नकुसा तर वापरून झालं होतं. तिचं ठेवलं सुंदरा.”

इवाला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ती पुढं सरकली. बाईंच्या गुडघ्याला गुडघा लागला.

“मग तुम्हाला कुणाला दिलं?”

नाओमीनं मान खाली घातली.

“कुणाला नाही दिलं,” नकुसाबाई म्हणाल्या.

“मग काय केलं?”

“जेवायला वाढलं.”

“कुणी?”

“आईनं. दिवेलागणीला दारात यायची आणि ओरडायची, नकुसे, जेवाय ये. नकुसे, उनात हिंडू नगं. नकुसे, डोकं विंचरते, बस इथं.”

“रोज?”

“रोज.”

“शेपूची भाजी असली तरी?”

“शेपूची असली तरी.”

इवानं तोंड वाकडं केलं. मग बराच वेळ ती बाईंच्या सुरकुतलेल्या, काळपट रसानं माखलेल्या हाताकडे बघत राहिली.

“तुम्हाला वाईट वाटायचं?”

“नावाचं? वाटायचं. अजून वाटतं कधी कधी.”

“मग?”

“मग काय. भूक पण असायची. मी जायचे.”

इवानं आणखी एक मनुका घेतली. तोंडात टाकली नाही, मुठीत धरली. उठली, आईच्या बाजूनं तशीच अंग चोरून गेली आणि पुन्हा झाडाखाली खड्यांपाशी जाऊन बसली.

खोलीत चमचा पातेल्याला लागल्याचा आवाज.

“तुमची आई...” नाओमी म्हणाली. “तुम्ही कधी सांगितलं नाही.”

“तू कधी विचारलं नाहीस. तू हुशार होतीस, तू वचनं पाठ म्हणायचीस.”

हा टोमणा होता की नाही, नाओमीला कळलं नाही. तिनं तो घेतला.

“तुझा तिसरा मुद्दा काय गं?” बाईंनी विचारलं.

“पश्चात्ताप. तिथं मी जुन्या करारातल्या त्या संदेष्ट्याची गोष्ट घेतलीय. देव त्याला सांगतो, तुझ्या मुलीचं नाव ठेव, ‘दया न पावलेली’. मुलाचं ठेव, ‘माझे लोक नाहीत’. म्हणजे ती मुलं ही सगळ्या प्रजेची खूण. लोक दुसऱ्या देवांमागं गेले, म्हणून.” आवाज नकळत वर्गातला झाला होता. “आणि चौथ्या मुद्द्यात पुनःस्थापना. देव स्वतःच ती नावं उलटवतो. दया पावलेली. माझे लोक. फार सुंदर रचना आहे ती, बाई. म्हणजे नकारातून...”

“मधे काय?”

“मधे?”

“तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे. नाव ठेवलं त्या दिवसापासून ते नाव उलटवलं त्या दिवसापर्यंत. वर्षं गेली असतील ना?”

“गेली असतील.”

“पोरगं होतं ते. घरात वाढत होतं. खेळायला जात असेल.”

“...हो.”

“त्याला जेवायला बोलवताना काय म्हणत असतील?”

नाओमीनं मनातल्या मनात ते पान उलटून पाहिलं.

शास्त्र तिनं किती वेळा वाचलं होतं. त्या मुलाला भूक लागत असेल असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

“‘माझा-नाहीस, ये, वाढलंय’?” ती हळूच म्हणाली.

बाईंनी पातेलं उचलून शेगडीवर ठेवलं. काडी ओढली. दुसऱ्यांदा लागली.

“माझा बाप्तिस्मा झाला,” त्या शेगडीकडे बघत म्हणाल्या, “तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, आता हे नाव सोड. करुणा घे. चांगलं होतं. मी म्हटलं, नको.”

“का?”

“त्यानं मला बोलावलं तेव्हा माझं नाव नकुसा होतं. त्याच नावानं बोलावलं. आता मी बदलून बसले आणि त्यानं परत हाक मारली तर? तो बिचारा दारात उभा राहून नकुसा, नकुसा करणार आणि आत करुणा बसलेली.”

“बाई, देवाला कळत नाही का बदललेलं नाव?”

“त्याला कळेल. मला कळायला पाहिजे ना.”

रसाचा वास खोलीत पसरायला लागला. जडसर, गोड, किंचित आंबट.

“पहिल्यांदा प्रभुभोजनाला गुडघे टेकले,” बाई म्हणाल्या. “पाळकसाहेब भाकरीचा तुकडा घेऊन पुढं आले. ते काहीतरी म्हणाले. शास्त्रातलंच म्हणाले असतील. मला ऐकू आलं ते... नकुसे, जेवाय ये.”

त्यांनी पदरानं डोळे नाही, कपाळ पुसलं. शेगडीची धग होती.

नाओमीच्या डोक्यात चार ‘प’ होते, ते आता चार रिकाम्या खुर्च्यांसारखे दिसत होते. आणि तरी मूळची ठसठस तशीच. तुमच्या आईला शिक्षण नव्हतं, ती रीतच होती, गावच तसं होतं. मला काय झालं होतं? मी तर दोन पुस्तकं वाचून आई झाले.

“मी विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीत तुम्ही,” ती शेवटी म्हणाली. “दमतो का तो? आपल्यासारख्यांना पुन्हा पुन्हा परत घेऊन? शास्त्रात तर स्पष्ट आहे की दमत नाही. मी लिहिलंयही तसं. पण लिहिताना मला वाटलं, मग त्याला माझं काय कळणार? जो दमतच नाही त्यानं प्रेम केलं तर त्यात काय मोठं?”

बोलून गेल्यावर ती स्वतःच दचकली. हे मिशनच्या आवारात बोलण्यासारखं नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. रस ढवळत राहिल्या.

“विहिरीच्या काठावर बसला होता तो कोण?”

“कुठल्या?”

“शोमरोनात. दुपारी.”

“प्रभू येशू.”

“का बसला होता?”

नाओमीला उत्तर पाठ होतं. शब्बाथशाळेत याच बाईंनी पाठ करून घेतलं होतं. आज ते तोंडातून निघायला वेळ लागला.

“...चालून दमला होता म्हणून.”

“हं.”

“पण बाई, ते देहात असताना. ते वेगळं. धर्मशास्त्रात त्याला...”

“ती बाई आली. गावात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. म्हणून तर भर उन्हात पाण्याला आली. त्यानं तिला काय सांगितलं पहिल्यांदा? पाप? पश्चात्ताप?”

“नाही.”

“मग?”

“पाणी मागितलं.”

“हं,” बाई म्हणाल्या. “तहान लागली होती.”

आणि त्यांनी शेगडी बारीक केली.

बाहेर खडे वाजत होते. इवा स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती. खड्यांशी, झाडाशी, कुणाशीही.

“तिला हाक मार,” नकुसाबाई म्हणाल्या.

“कशाला?”

“मनुका खायला.”

“आत्ता तर खाऊन गेली.”

“हाक मार.”

नाओमी दारात गेली. “इवा.”

लेकीचा हात एका खड्यावर थांबला. ऐकलं होतं. मग तो खडा उचलला गेला, ओळीत लागला.

“इवा, ये बाळा.”

काही नाही.

“नाही येत ती,” नाओमी मागं वळून म्हणाली.

“मी कुठं म्हणाले ती येईल? मी म्हणाले, हाक मार.”

नाओमीनं पुन्हा मारली. या वेळी आवाज हजेरीचा निघाला, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. बुचाच्या झाडावरचे दोन पोपट उडाले. इवा नाही हलली.

पुन्हा मारली. तो रडका निघाला. तिचा तिलाच आवडला नाही.

पुन्हा. त्यात मात्र काहीच नव्हतं. वर्ग नाही, पुस्तक नाही, माफी नाही. नुसतं नाव. ते झाडापर्यंत तरी गेलं की नाही कोण जाणे.

ती दाराच्या चौकटीला टेकली. कालची रात्र, आजचा दिवस, त्याच्या मागचे कित्येक दिवस एकदम पायांत उतरले.

“बाई, मी दमले हो.”

नकुसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा, नीट.

“मग उभी का?”

नाओमी वाट बघत राहिली. पुढं काहीतरी येईल. वचन येईल, अर्थ येईल, निदान हात तरी डोक्यावर येईल. बाईंनी पातेलं उतरवलं, फडक्यानं झाकलं, भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले. ऐंशीच्या पुढच्या माणसाला दुपारी झोप लागते. लागली.

ती पायऱ्या उतरली. अनवाणी. मुरूम टोचत होता.

झाडाखाली खड्यांच्या ओळी होत्या. कुठं चौकोन, कुठं वाकडं वर्तुळ, एका कोपऱ्यात पानांचा ढीग, त्या ढिगावर ती एक मनुका जपून ठेवलेली. इवा मधोमध पाठमोरी.

नाओमीनं काय बोलायचं ते ठरवायला पाहिलं. काही ठरलं नाही. उद्याचं ठरलं नाही, आत्ताचंही ठरलं नाही. ती ओळींच्या बाहेर, उघड्या जागेत, चांगल्या ड्रेससकट मातीत बसली. गुडघे जवळ घेतले. त्यांवर हनुवटी ठेवली.

“इवा,” ती म्हणाली, “मला जरा बसू देशील इथं?”

मान वळली नाही.

वारा नव्हता. झाडावरून एक फूल पडलं, लांब देठाचं, पांढरं. दोघींच्या मधे.

नाओमी बसून राहिली. उन्हं तिच्या पाठीवरून सरकून बाजूला गेली. एकदा तिचे डोळेही मिटले. पुन्हा हाक मारावी असं वाटलं. मारली नाही. नुसती तिथं होती.

खड्यांचा आवाज थांबला.

मग इवा उठली. वळून आईकडे पाहिलं. आई बसली होती त्या जागेकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, कमरेवर हात ठेवले.

“आई, तो रस्ता आहे. ट्रक येईल ना तिथून. घरात ये.”

नाओमी घाईनं उठून पुढं सरकली.

“भिंतीवरून नाही गं,” इवा म्हणाली. “दारातून.”